खुंटीवरचा पट्टा

बेलीफकाका आमच्या ओटीवर आले की घरातली माणसं आधी त्यांच्या खांद्याकडे बघायची. खांद्यावरून छातीवर तिरका आलेला लाल पट्टा आणि त्यावरचा पितळी बिल्ला दिसला की समजायचं, कोर्ट आलंय. मग पाणीसुद्धा विचारायचं नाही. कुणी चुकून विचारलंच तर उत्तर ठरलेलं होतं, "कोर्टाला तहान लागलेली नाही." कर्जतपासून दोन कोस उन्हातून चालत आलेला माणूस, घामानं सदरा पाठीला चिकटलेला, ओठ सुकलेले, आणि कोर्टाला तहान नाही! काम उरकलं की मात्र ते पट्टा डोक्यावरून काढायचे, बिल्ला सदऱ्याच्या टोकानं पुसायचे आणि ओटीच्या खुंटीला अडकवायचे. त्या क्षणापासून त्यांचा आवाज, भाषा, बसायची तऱ्हा, सगळं बदलायचं. भिंतीला टेकून ऐसपैस मांडी घालायचे आणि आईला म्हणायचे, "हां, आन गं बाय आता चा. साखर जरा सढळ हातानं टाक."

त्यामुळे आमच्या घरात एक नियमच होऊन गेला होता. पट्टा खुंटीला लागला की चुलीवर आधण ठेवायचं. कुणी सांगायची वाट बघायची नाही.

ते कर्जतच्या कोर्टात बेलीफ होते. समन्स बजावायचं, नोटीस दारावर डकवायची, जप्ती आणायची. थोडक्यात, कोर्टानं कागदावर लिहिलेलं लोकांच्या दारात नेऊन खरं करायचं, हे त्यांचं काम. "कोर्टाला डोकं हाय, तोंड हाय. पाय नाय. पाय माझे," असं ते म्हणत, आणि त्या पायांची ते जी निगा राखत ती बघण्यासारखी असे. पिशवीत समन्सांच्या शेजारी खोबरेल तेलाची बाटली असायची. आमच्याकडे यायच्या आधी विहिरीवर चपला धुवायचे, पाय धुवायचे, मगच पायरी चढायचे. हुकूम घेऊन निघाले की एसटीत बसायचे नाहीत, बैलगाडीत बसायचे नाहीत. हुकूम पायीच जातो, असा त्यांचा कायदा होता. तो कुठल्या पुस्तकात लिहिलाय हे विचारायची कुणाची छाती नव्हती. पुढे ते मला न्यायला येऊ लागले तेव्हा मामा गाडी जुंपून द्यायचा. मी गाडीत बसलेली आणि कोर्ट छत्री धरून गाडीमागे चालतंय, अशी आमची वरात कर्जतला पोचायची. वाटेतल्या वाडीतली माणसं दारात येऊन बघायची.

मला न्यायला यायचे म्हणजे माझ्या बापाकडे न्यायला. हे नीट सांगायला हवं.

बाबा चौकला एका गॅरेजात मिस्त्री होते. मुंबई-पुणे रस्त्यावर बिघडलेले ट्रक त्यांच्या दारात यायचे. आई मला घेऊन चौकहून माहेरी निघून आली तेव्हा मी पाच वर्षांची होते. माहेर म्हणजे कोंडाण्याच्या लेण्यांकडे जाणाऱ्या वाटेवरचं आमचं गाव. बाबांनी तिच्यावर हात उचलला होता. एकदाच, असं दोघंही सांगायची. बाबा सांगताना 'एकदाच' या शब्दावर जोर द्यायचे आणि आई 'हात' या शब्दावर. मग दोन वर्षं कोर्ट चाललं आणि अलिबागहून हुकूम झाला. मुलगी आईकडे राहील. बापानं पोटगी द्यावी. एक रविवार आड, सकाळी अकरा ते दुपारी चार, कर्जत कोर्टाच्या व्हरांड्यात मुलीला बापाला भेटू द्यावं. न्यायचं-आणायचं काम बेलिफाचं.

हुकूम कसा अगदी सरळ होता. पण बाबांनी पोटगी पाठवली नाही, कारण मुलगी दाखवत नाहीत. आईनं मुलगी दाखवली नाही, कारण पोटगी नाही. खरी कारणं दोघांचीही वेगळीच होती. बाबांना वाटायचं, पैसे अडवले की आई परत येईल. आईला वाटायचं, पोर एकदा चौकच्या माणसांच्या हाती लागली की ती परत यायची नाही. ज्यांचं आयुष्यात एका गोष्टीवर एकमत झालं नाही, त्या माझ्या आईबापांनी कोर्टाचा अवमान मात्र अगदी जोडीनं केला. आणि दोघांचे दोन कागद एकाच पिशवीत घालून बेलीफकाका निघाले.

आधी ते चौकला गेले. ती गोष्ट मला पुढे बाबांनीच हसत हसत सांगितली. बाबा एका ट्रकखाली आडवे होते. काकांनी वाकून त्यांचं नाव घेतलं, तर ट्रकखालून उत्तर आलं, "मिस्त्री नाय. पनवेलला गेलाय." काका "बरं" म्हणाले आणि समोरच्या जुन्या टायरांच्या चळतीवर जाऊन बसले. दुपार झाली. येणारंजाणारं गिऱ्हाईक विचारी, काय भानगड? काका म्हणत, "कोर्ट बसलेलं आहे." ट्रकखालचा माणूस बाहेर येईना आणि टायरवरचा हलेना. उन्हं उतरली तेव्हा बाबाच हरले. तेलानं माखलेल्या अंगानं सरपटत बाहेर आले आणि म्हणाले, "अवो, पानी तरी प्या." काकांनी मान हलवली. कोर्टाला तहान नव्हती. बाबांनी त्याच संध्याकाळी चार ठिकाणी हात पसरून पोटगी भरली. "तुझ्या आयशीच्या रडण्यानं जे झालं नाय, ते त्या मानसाच्या तहानेनं झालं," असं बाबा म्हणायचे.

आईचं प्रकरण इतकं सोपं नव्हतं. तिचा हट्ट नव्हता, तिची भीती होती. भीतीपुढे टायरावर बसून भागत नाही.

मला लपवायची जागा म्हणजे कणगी. माजघराच्या दाराशी भाताची मोठी कणगी होती, बांबूची विणलेली, शेणानं लिंपलेली, मामाच्या छातीइतकी उंच. त्या दिवसांत ती निम्मी रिकामी असायची. काका विहिरीवर पाय धुताना दिसले की मामा मला उचलून आत सोडायचा आणि वर सूप झाकायचा. मी भातावर बसून तोंडावर हात धरायची. अंगाला तूस खाजायचं. लिंपण उडालेल्या एका फटीतून मला ओटी दिसायची, आणि ओटीवरचे काका.

पहिल्या रविवारी मामानं सांगितलं, पोर मावशीकडं गेलीय. दुसऱ्या रविवारी त्याला सुचेना, तर म्हणाला, "माथेरानला गेलीय. घोडी बगाया." काकांनी मांडीवर कागद घेऊन तसंच्या तसं लिहिलं: मुलगी घोडी पाहण्यास माथेरानला गेल्याचे मामाने सांगितले. त्यांच्या रिपोर्टाचा नियम कडक होता. दिसलं ते लिहायचं, ऐकलं ते लिहायचं, वाटलं ते लिहायचं नाही. घर ते कधी धुंडाळत नसत. "मुलगी घरात आहे काय?" एवढंच विचारत, आलेलं उत्तर लिहीत, आईचा अंगठा घेत आणि मग पट्टा खुंटीला. मग चहा. मग आमच्या म्हशीची चौकशी, भाताच्या भावाची चौकशी. मी कणगीतून हे बघायची आणि मला प्रश्न पडायचा, हाच माणूस आत्ता कोर्ट होता का?

कोर्टाच्या भाषेत मी 'अज्ञान मुलगी' होते. अठराच्या आतल्या सगळ्यांनाच कोर्ट अज्ञान म्हणतं हे मला फार पुढे कळलं. तोवर मी समजत होते की माझं गणित कच्चं असल्याचं कोर्टाला कुणीतरी कळवलंय.

तिसरा रविवार आला. आधीचे दोन रिपोर्ट अलिबागला पोचले होते आणि आईला तंबी आली होती: आणखी एकदा मुलगी हजर केली नाही तर कोर्टाचा अवमान धरून तुरुंगात पाठवू. घरात आदल्या दिवसापासून कुणी धड जेवलं नव्हतं. मामा म्हणत होता, दाखव पोरगी, फिटली कटकट. आजी म्हणत होती, पोर गेली तर जन्माची गेली. काका विहिरीवर दिसले तशी आई उठली आणि तिनं स्वतः मला उचलून कणगीत सोडलं.

"सामनेवाली, अज्ञान मुलगी घरात आहे काय?"

"नाय."

काकांची लेखणी बराच वेळ कागदावर नुसती टेकून राहिली. मग त्यांनी लिहिलं. आईनं अंगठा दिला. काकांनी पट्टा काढला, बिल्ला पुसला, खुंटीला लावला आणि भिंतीला टेकून बसले. चहा आला. आईनं कप पुढे ठेवला आणि तिथंच खाली बसली.

"आता काय व्हईल, दादा?"

"कोर्ट ठरवील, बाय. मी कोन?"

"मला आत घातलं, तर पोरीचं काय व्हईल?"

काका बशीतल्या चहावर फुंकर घालत राहिले. मग म्हणाले, "आय नसंल तर पोर बापाकडं जाती. सरळ हाय."

आई ज्या गोष्टीच्या भीतीनं मला लपवत होती, ती लपवल्यामुळेच होणार होती. सात वर्षांच्या मला त्यातलं एवढंच कळलं की आई जाणार आणि मीही जाणार, दोघी दोन दिशांना. मी भातावर उभी राहिले. सूप खाली पडलं. कणगीतून माझं डोकं वर आलं आणि ओटीवरचं सगळं जागच्या जागी थांबलं.

काकांनी डोळे मिटून घेतले. हातात भरलेली बशी, तशीच धरलेली, आणि डोळे गच्च मिटलेले. मी कणगीतून घसरत खाली उतरले. त्यांचे डोळे मिटलेलेच होते. आई मला हातानं खुणावत होती, आत जा, आत जा. तिला वाटत होतं, पट्टा खुंटीला आहे तोवर काही बिघडलेलं नाही. आणि ते खरंही होतं. मी परत कणगीत गेले असते तर त्या माणसानं मला पाहिलंच नसतं.

ओटीवर रॉकेलचा रिकामा डबा होता. तो मी खुंटीखाली सरकवला, वर चढले आणि पट्टा काढला. मला वाटलं होतं त्यापेक्षा तो जड होता. मी काकांपाशी गेले आणि तो त्यांच्या डोक्यावरून घातला. एका कानात अडकला तो सोडवला. बिल्ला छातीवर आणला.

काकांनी डोळे उघडले. बशी खाली ठेवली. उभे राहिले आणि कोर्टाच्या आवाजात म्हणाले, "अज्ञान मुलगी स्वतः हजर झाली." सरकारी कागद त्यांनी जन्मात फाडला नसता. आधीच्या ओळीवर त्यांनी एक सरळ रेघ मारली, बाजूला 'खोडले' असं लिहून सही केली, खाली नवी ओळ लिहिली आणि आईचा पुन्हा अंगठा घेतला. मग आईकडे न बघता म्हणाले, "कोर्ट घेऊन जाईल. कोर्ट आणून सोडील." चहा तसाच राहिला.

त्या दिवशी दिवेलागणीच्या आत त्यांनी मला आणून सोडलं. आईनं मला पोटाशी धरलं, चाचपून बघितलं, आणि पुढचे दोन दिवस माझी वेणी घातली नाही. आजीनं घातली.

त्यानंतर पाच वर्षं मी एक रविवार आड कर्जतला गेले. रविवारी कोर्ट बंद असायचं. रिकामा व्हरांडा, कुलूप लावलेली दारं, एक बाक. बाबा पहिल्या एसटीनं येऊन बसलेले असायचे. रॉकेलनं चोळचोळून धुतलेले हात, तरी नखांच्या कडा काळ्याच. माझ्यासाठी बेअरिंगमधले चकचकीत छर्रे आणायचे, गोट्या म्हणून. शाळेत माझ्याइतक्या गोट्या कुणाकडे नव्हत्या. काका व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला आमच्याकडे पाठ करून बसायचे. हाकेच्या टप्प्यात तर असावं, पण बोलणं ऐकू येऊ नये, असं अंतर त्यांनी पावलांनी मोजून ठरवलं होतं. चार वाजले की खाकरायचे. खाकरून झालं की उठायचे आणि नेमका त्यांच्या चपलेचा अंगठा सैल झालेला असायचा. मग ते खाली बसून तो आवळत. कधी खिळा ठोकत, कधी दोरा बांधत. पाच वर्षांत असा एक रविवार गेला नाही, की चार वाजता ती चप्पल धड होती. विहिरीवर ती धुताना मी दर खेपेला बघायची. ती चांगली मजबूत होती.

त्यांची स्वतःची मुलं खालापूरला होती. ते कर्जतला एका खोलीत एकटे राहायचे आणि सुट्टीला घरी जायचे. महिन्याचे दोन रविवार ते माझ्यासाठी देत होते, याचा अर्थ दुसऱ्या कुणाच्या तरी बापाला दोन रविवार कमी मिळत होते. हे गणित मला तेव्हा कुणी घातलं नाही.

परतताना गाडी नसायची. चालता चालता ते मला हुकूम वाचायला शिकवत. "शिक्का, सही, तारीख. तिन्ही बगायचं. एक जरी नसलं तर तो कागद हाय, हुकूम नाय. दारात कुनी का येईना, कोर्ट का येईना, आधी म्हनायचं, हुकूम दाखवा. समजलं?" मी घोकायची. शिक्का, सही, तारीख. उल्हास नदी ओलांडताना ते मला खांद्यावर घ्यायचे, तेव्हाही घोकायची.

आणखी एक गोष्ट त्यांनी पाळली, ती सगळ्यात कठोरपणे. इकडचं तिकडं नाही. पट्टा असो नसो, एका घरचा शब्द दुसऱ्या घरी न्यायचा नाही. आई चहा देताना भांड्याकडे बघत विचारी, "बरे हायत ना ते?" काका म्हणत, "औंदा आंबा बरा हाय, बाय." व्हरांड्यात बाबाही त्यांना कोपऱ्यात गाठून काहीतरी विचारत, आणि त्यांनाही आंबाच ऐकायला मिळत असणार. म्हणून तर दोन्ही घरांचा त्यांच्यावर विश्वास होता. आज मला वाटतं, त्या माणसानं एकदा, फक्त एकदा, सांगायचं होतं की हो, बरे आहेत, आणि तुझी चौकशी करतात.

त्या रविवारांची मला इतकी आठवण येते, याचं कारण मला आता कळतं. हुकूम होता तोवर मला बाबांना भेटावंसं वाटतं हे कुणाला सांगावं लागत नव्हतं. कोर्ट न्यायचं, मी जायची. आईपुढे मान खाली घालावी लागत नव्हती. आईलाही कुणी विचारत नव्हतं, पोरगी का पाठवतेस. पट्टा यायचा आणि आम्हा दोघींची सुटका करायचा. लाल कापडाचा एवढासा तुकडा, पण त्याच्या आड उभं राहून मी पाच वर्षं बापावर मन भरून माया केली.

बारा वर्षांची झाले तेव्हा एका रविवारी बाबा आलेच नाहीत. अकरा ते चार मी त्या बाकावर बसून होते. चार वाजता काका खाकरले आणि चप्पल आवळायला बसले, तेव्हा मी म्हटलं, "राहू द्या, चला." वाटेत मी विचारलं, "का नाही आले?" काका म्हणाले, "अर्जदार गैरहजर. एवढंच लिवलंय मी." पुढच्या खेपेलाही तेच झालं. इकडे मामा आईच्या मागे लागला होता, पोरगी मोठी झाली, कोर्टाची पोर म्हणतात तिला, उद्या कोण करील हिला? त्यानं अर्ज केला. मला अलिबागला न्यायाधीशांच्या खोलीत नेलं. ते फार मायेनं बोलले. "बाळ, वडिलांना भेटायला आवडतं ना तुला?"

मामानं 'नको' म्हणायला शिकवलं होतं. मी ते म्हटलं नाही, त्याहून वाईट म्हटलं. "त्यांनाच आवडत नाही," मी म्हटलं. "मी नाही जाणार."

बाहेर आले तर समोर बाकावर बाबा बसले होते. उजवा हात कोपरापर्यंत बांधलेला, गळ्यात अडकवलेला. गाडीखालचा जॅक सरकला होता. भिंतीशी काका उभे होते, छताकडे बघत. मी त्यांच्याजवळ गेले आणि म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं."

"इकडचं तिकडं नाय, पोरी," ते म्हणाले. तो आवाज कोर्टाचा नव्हता आणि त्यांचाही नव्हता. मामानं माझा हात धरला आणि एसटीकडे ओढलं. मी परत आत जाऊन साहेबांना सांगायला हवं होतं, मी चुकले. बारा वर्षांच्या मुलीला हे जमायला हवं होतं असं मी अजूनही म्हणते.

नवा हुकूम झाला: भेट मुलीच्या मर्जीप्रमाणे. म्हणजे जायला कुणाची बंदी नव्हती. मी म्हणायचं, मला जायचंय, एवढंच उरलं होतं. ते मला चार वर्षं म्हणता आलं नाही. आईसमोर उभं राहून म्हणायचं? मामासमोर? दर रविवारी सकाळी मी विहिरीकडे बघायची. कुणी चपला धूत नसायचं. काका अधूनमधून आले, पट्ट्याशिवाय, दुसऱ्या कुणाच्या तरी कामावरून परतताना. चहा प्यायले, आंब्याचं बोलले. निघताना रिकाम्या खुंटीकडे एकदा बघायचे.

मग ते निवृत्त होऊन खालापूरला घरी गेले, असं ऐकलं.

मी मॅट्रिकच्या वर्गात होते. भात झोडून झालं होतं, अंगणात पेंढा रचत होते. बुधवार होता. विहिरीवर कुणीतरी पाय धुताना दिसलं आणि माझा हात थांबला. काका खूप वाळले होते. पायरी चढले, ओटीवर ताठ उभे राहिले. अंगावर पट्टा होता.

"कोर्ट म्हणतंय," ते म्हणाले, "मुलीनं आज बापास भेटावं. कोर्ट घेऊन जाईल. कोर्ट आणून सोडील."

मी धावत पायरीपाशी आले. आणि मग माझी नजर त्यांच्या छातीवर गेली. पट्ट्यावर बिल्ला नव्हता. बिल्ला असायचा तिथं कापड अजून गडद लाल होतं, वाटोळं, बाकी सगळा पट्टा विटलेला. बिल्ला कचेरीत जमा झाला होता. मी सोळा वर्षांची होते, वर्गात पहिली येत होते, आणि माझी जीभ मोठी तिखट होती.

"शिक्का, सही, तारीख?" मी म्हटलं. "हुकूम दाखवा, काका."

मी हसत म्हटलं होतं. त्यांनीच शिकवलेलं त्यांना म्हणून दाखवताना मला गंमत वाटत होती. त्यांच्या पिशवीत कागद नव्हता. जन्मभर दिसलं ते आणि ऐकलं तेच लिहिणारा माणूस त्या दिवशी कोर्टाच्या नावानं खोटं बोलायला इतक्या लांब आला होता, आणि मी त्याला पावती मागत होते. ते का आले ते त्यांनी सांगितलं असतं तर मी पेंढा तिथंच टाकून धावले असते. पण इकडचं तिकडं नाही, हे एकच त्यांना मोडता आलं नाही.

त्यांनी सावकाश पट्टा डोक्यावरून काढला. जिथं बिल्ला नव्हता तिथं सदऱ्याच्या टोकानं पुसलं. पट्टा खुंटीला अडकवला आणि माझ्याकडे बघत उभे राहिले. बसले नाहीत. भिंतीला टेकले नाहीत. नुसते बघत राहिले.

मी आत गेले आणि चुलीवर आधण ठेवलं. साखर सढळ हातानं टाकली. कपबशी घेऊन बाहेर आले तर ओटी रिकामी होती. वाटेवर दूर छत्री दिसत होती. मला वाटलं, म्हातारा रागावला. चहा गार होऊ नये म्हणून मीच पिऊन टाकला.

रविवारी चौकहून एक ट्रकवाला निरोप घेऊन आला. बाबा महिनाभर काविळीनं अंथरुणाला होते. शनिवारी गेले.

काका पुन्हा कधी आले नाहीत. मीही खालापूरला गेले नाही. कुठल्या तोंडानं जाणार होते? पट्टा तसाच खुंटीला राहिला. बाबांचे दिवस झाल्यावर एका दुपारी आईनं तो काढला, झटकला आणि घडी घालून माझ्या हातात दिला. आजही तो माझ्या ट्रंकेत छर्र्यांच्या डबीशेजारी आहे. देताना आई माझ्याकडे बघत नव्हती.

"त्या दिवशी मी दाराआड हुते," ती म्हणाली. "त्यांनी पट्टा खुंटीला लावला, तवा मला वाटलं, आता तू काढशील. लहानपनी घातलावतास तसा त्यांच्या अंगात घालशील आनि जाशील. मी एक शब्द बोलले नसते गं." तिनं पदरानं डोळे पुसले. "आनि तू चा टाकाया गेलीस."